राजोडीची मगर

वसई,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाई,

गुडघ्याची चौकशी रविवारी झाली आहे, त्यामुळे पत्रात ती करत नाही. तब्येत फोनवर आणि बाकी सगळं जग पत्रात, हा नियम तुमचाच.

बाकी जगात मोठी बातमी अशी की मला शाळेत नवा विषय मिळाला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर परेश सरांनी बोलावलं. (ते आता मुख्याध्यापक आहेत, केसही त्या मानाने गेलेत.) म्हणाले, "विनिता मॅडम, नववीला एआय शिकवायचंय. गोष्ट, बातमी, जाहिरात, चित्र. मुलांनी यंत्राकडून बनवून घ्यायचं." मी म्हटलं, सर, मी मराठीची. तर म्हणाले, "त्याच्याशी बोलायला भाषाच लागते ना?" झालं, तास माझ्या गळ्यात पडला.

तुम्ही विचाराल, हे एआय म्हणजे काय. कॉम्प्युटरला साध्या मराठीत सांगायचं, मला अमुक लिहून दे, तमुक चित्र काढून दे. तो क्षणात देतो. ते खरं असेलच असं नाही, पण देतो, आणि कधी नाही म्हणत नाही.

पहिल्या तासाला मी सगळ्यांना 'माझं गाव' लिहून घ्यायला सांगितलं. होळी गावची मुलं, वटारची मुलं, स्टेशनजवळच्या बिल्डिंगांमधली मुलं, सगळ्यांच्या गावात हिरवीगार शेतं, निळाशार समुद्र आणि प्रेमळ माणसं. ॲनिशा उभी राहून म्हणाली, "मॅडम, ह्याने आमच्या राजोडीच्या कोळणीला बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलायला लावलंय." वर्ग हसला. ही ॲनिशा म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेल्या स्टॅनीची मुलगी. शनिवार-रविवारी राजोडीला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना ते लोक घरीच जेवायला घालतात. निम्मं घर त्यावर चालतं.

तिच्या शेजारी आर्या बसते. परळहून आलेलं कुटुंब आहे, वडील रोज मुंबईला जातात. मुलगी तासभरात दोन वाक्यं बोलेल तर शपथ. पण लिहायला लागली की मी फळ्याकडचं काम सोडून तिच्या मागे जाऊन उभी राहते. तुम्ही माझ्या मागे उभ्या राहायचात ना, तशी.

येत्या शुक्रवारी त्यांना 'न घडलेली बातमी' करायची आहे. फोटो यंत्राचा, मजकूर मुलांचा आणि यंत्राचा मिळून. काय होतं ते कळवते.

आणि बाई, नाताळला याल का? परवा वटारहून येताना तुमच्या दारात थांबले होते. अंगणात सोनचाफ्याचा सडा पडला होता. उचलायला कोणी नाही.

तुमची,
विनिता

*

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनिता,

तुझं पत्र मिळालं. ज्ञानदाने ते मला चहाबरोबर आणून दिलं आणि मी वाचत असताना चहा गार झाला म्हणून रागावलीही. सून चांगली आहे. मायकलपेक्षा तिचंच माझ्याकडे जास्त लक्ष.

कधीच 'नाही' न म्हणणाऱ्या शिक्षकाकडून मुलं काय शिकणार, हे मला कळत नाही. मी तुम्हाला किती वेळा निबंध परत लिहायला लावायची. पण तू शिकवतेस म्हणजे त्यात काहीतरी असेल. त्या आर्याच्या मागे उभी राहा, पण फार वेळ नको. मुलांना पाठीवर नजर जाणवते. तुझा हात थांबायचा, मग मला पुढच्या बाकाकडे जावं लागायचं.

आता महत्त्वाचं. तुला कळलं असेलच, राजोडीला मगर आली आहे. शनिवारी सकाळी मला कोणीतरी फोटो पाठवला. सुरूच्या झाडांखाली, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पलीकडे आडवी पडलेली, केवढी मोठी. खाडीतून वाट चुकून आली म्हणे. खालची बातमी इतकी नेटकी लिहिलेली की एकही शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही. म्हणून तर विश्वास बसला, नाहीतर मी असलं काही वाचतही नाही.

मी ताबडतोब सगळ्यांना कळवलं. वटारचा गट, चर्चच्या महिलांचा गट, जुन्या विद्यार्थ्यांचा गट. वर माझं नाव घालून लिहिलं, "क्लेमेंटीन टीचर सांगते, लेकरांना पाण्याजवळ पाठवू नका." किती जणांनी हात जोडले.

तूही वर्गाला तिकडे सहलीला वगैरे नेऊ नकोस. स्टॅनीला माझा निरोप दे, घरच्यांना सांभाळ म्हणावं.

नाताळचं विचारलंस. गुडघा अजून जिना चढू देत नाही.

तुझी,
क्लेमेंटीन बाई

*

वसई,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाई,

हे पत्र कसं सुरू करावं ते दोन दिवस कळत नव्हतं. सरळच लिहिते. राजोडीला मगर आलेली नाही. ती आर्याची न घडलेली बातमी आहे.

शुक्रवारच्या तासाला ती कॉम्प्युटरसमोरून उठलीच नाही. यंत्राने आधी तिला गोव्यासारखा किनारा दिला, नारळाची झाडं, रंगीत छत्र्या. तिने तो नाकारला. ॲनिशा शेजारून सांगत गेली, आमची वाळू काळी असते, झाडं सुरूची, होड्या एका बाजूला कललेल्या. आर्या एकेक गोष्ट यंत्राला सांगत गेली. तास संपता संपता तो फोटो तयार झाला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. आर्याला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मला इतकं कौतुक वाटलं की संध्याकाळी मीच ते पालकांच्या गटावर टाकलं. खाली दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'न घडलेली बातमी, आर्या, नववी'. कोणीतरी फोटो आणि बातमी उचलून पुढे पाठवली, माझी ओळ मागेच राहिली. फोटोवरच तसं लिहायला हवं होतं. हे मला शिकवताना सुचायला हवं होतं, पाठवल्यावर सुचलं.

रविवारी राजोडीला कोणी फिरकलं नाही. स्टॅनीच्या बायकोने पहाटेपासून मैद्याचे फुगे तळले होते, बोंबील साफ करून ठेवले होते. सगळं शेजाऱ्यांत वाटावं लागलं. सोमवारी राजोडीची काही माणसं शाळेत आली. परेश सरांनी तास बंद केला आहे. आर्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं की मुलीने अफवा पसरवली. मी म्हटलं, सर, पसरवली मी. ते म्हणाले, "तुमचं नंतर बघू." नाताळच्या सुट्टीआधी ठरवणार आहेत, तिला शाळेत ठेवायचं की दुसरीकडे प्रवेश घ्यायला सांगायचं.

ॲनिशाने बाक बदलला आहे. का, ते सांगत नाही.

तुम्ही पाठवलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. सगळेच पाठवत होते, तुमच्या एकटीने काही फरक पडला नाही.

तुमची,
विनिता

*

पुणे,
४ डिसेंबर २०२५

विनिता,

शेवटच्या दोन ओळी तू लिहिताना अक्षर बदललं आहे. आठवीपासून तुझं अक्षर मी तपासते आहे. तू काहीतरी लपवलंस हे मला वाचतानाच कळलं, म्हणून मी स्टॅनीला फोन लावला.

तो आधी सांगेना. "जाऊ द्या टीचर, होतं कधी कधी." मी म्हटलं, स्टॅनी, नीट उभा राहून सांग. मग बोलला.

"फोटो आला तेव्हा मी हसलो होतो. आमच्या पाण्यात मगर कुठून येणार? मग तुमचा मेसेज आला. टीचरने नाव घालून लिहिलंय म्हटल्यावर मीच जाऊन वाटेवर दोरी बांधली. लांबून आलेल्या दोन गाड्या मीच परत पाठवल्या."

मी विचारलं, ॲनिशा काही बोलली नाही? म्हणाला, "बोलली ना. पप्पा, हे आर्याने केलंय, मी होते तिथे, म्हणाली. मी तिला ओरडलो. क्लेमेंटीन टीचर काय खोटं लिहितील का, गप्प बस."

बापाने खरं बोलणाऱ्या पोरीला गप्प केलं, माझ्या नावाने. मला फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. तिने बाक का बदलला ते आता मला समजतंय. तिचा राग आर्यावर असेल तेवढाच आमच्या सगळ्यांवर आहे.

तू मला हे सांगितलं नाहीस ते माझ्या काळजीने, हे मला कळतं. पण मी अजून म्हातारी झाले नाही, नुसता गुडघा झाला आहे. पुन्हा असं करू नकोस.

आजच मी माझ्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून सगळ्या गटांवर टाकला आहे. मगर खोटी, मी न विचारता पाठवली, माझं चुकलं, राजोडीला खुशाल जा. परेशला सांग, त्या मुलीला काढायचं असेल तर आधी मला वर्गाबाहेर उभं कर. तो हे मनावर घेईल. त्याला मी पुष्कळ वेळा उभं केलं आहे.

आर्याला माझा आशीर्वाद सांग. बातमी खरंच चांगली लिहिली होती.

क्लेमेंटीन बाई

*

वसई,
१० डिसेंबर २०२५

प्रिय बाई,

रागावलात ते बरं केलंत, मला हलकं वाटलं. आता लपवणार नाही, म्हणून पुढचंही सांगते. वाचताना हसू येईल, पण परिस्थिती हसण्यासारखी नाही.

तुमचा निरोप सगळीकडे पोचला. कोणीही विश्वास ठेवला नाही.

लोक म्हणतात, हा आवाज यंत्राने केलेला आहे. शाळेत एआय शिकवतात हे आता गावभर झालंय ना. कोणी म्हणालं, शाळेने स्वतःला वाचवायला टीचरचा आवाज बनवला. होळीच्या भाजीवाल्या मावशी मला बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "मी टीचरला चाळीस वर्षं ओळखते. ती 'माझं चुकलं' म्हणणार? म्हणजे मशीनच." मी खूप सांगितलं. त्यांनी माझ्या पिशवीत दोन वांगी जास्त टाकली आणि विषय बदलला.

मागच्या रविवारीही राजोडी रिकामीच होती. मगर गेली की नाही कोणालाच माहीत नाही, आणि नव्हतीच हे कोणाला ऐकायचं नाही. नाताळच्या दिवसांतलं जेवणाचं काम गेलं तर पुढचे महिने कठीण जातील, असं स्टॅनी परेश सरांना म्हणाला. ओरडून नाही म्हणाला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आर्याला तुमचा आशीर्वाद सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, मी आता काहीच लिहिणार नाही. खरं लिहिलं तरी लोक म्हणतील बनवलेलं आहे." मराठीच्या निबंधात तिने चार ओळी लिहून वही बंद केली. वडिलांनी घरचा कॉम्प्युटर कपाटात ठेवला आहे. ते वाईट नाहीत, घाबरलेत. नवीन गावात येऊन पहिली ओळख ही अशी झाली.

परेश सरांना तुमचा निरोप दिला. उभं करण्याचं ऐकून ते क्षणभर हसले. मग म्हणाले, "बाईंची चूक मोठी माणसं माफ करतील. पण राजोडीच्या लोकांना काय सांगू?"

मी तुम्हाला या असं म्हणत नाही. प्रवास, जिने, गुडघा सगळं मला माहीत आहे. आणि तुमचे बॅप्टिस्ट सर गेल्यापासून बंद असलेलं ते घर उघडणं तुम्हाला किती जड आहे तेही. फक्त जे आहे ते लिहिलं.

तुमची,
विनिता

*

पुणे,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय विनिता,

एकवीस तारखेच्या रविवारी येते आहे. मायकल गाडीने आणेल. तो नको म्हणत होता, ज्ञानदाने त्याला स्वयंपाकघरात नेऊन काहीतरी सांगितलं, बाहेर आला तो गाडीत हवा भरायला गेला.

चर्चमधली सकाळची मिस्सा संपल्यावर राजोडीच्या लोकांसमोर बोलेन. स्टॅनीला सांग, दुपारी मी त्याच्याकडे जेवणार आहे, बोंबील हवेत. परेशलाही बोलाव. आर्याच्या घरचा पत्ता कळव. तिला मी स्वतः घ्यायला जाईन, तू मध्ये बोलू नकोस.

रात्री परत निघू. घर उघडायचं नाही.

तुझी,
क्लेमेंटीन बाई

*

वटार,
२९ डिसेंबर २०२५

प्रिय विनिता,

तुझ्या छोटीला नेमक्या त्याच आठवड्यात कांजिण्या याव्यात आणि तुला दारही ओलांडता येऊ नये, याला काय म्हणावं. फोड सुकले असतील आता. फोनवर तू दहा वेळा विचारलंस काय झालं, आणि मी म्हटलं पत्रात लिहीन. तर आता बस निवांत.

सकाळी मिस्सेआधी मी आर्याच्या बिल्डिंगला गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मायकल म्हणाला, आई, मी वर जाऊन तिला खाली आणतो. मी म्हटलं नाही. प्रत्येक वळणावर थांबत चढले. दार तिच्या वडिलांनी उघडलं. त्यांना वाटलं मी देणगी मागायला आले आहे.

"मी क्लेमेंटीन लोपीस," मी म्हटलं. "मगर मी पसरवली."

त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला एवढ्या वर आलात? आम्ही ते सगळं बंद केलंय आता. ती परत असलं काही करणार नाही."

"तेच नको आहे मला," मी म्हटलं. "तिने वर्गात दिलेलं काम केलं आणि चांगलं केलं. वर्गाबाहेर ते आम्ही मोठ्यांनी नेलं. आज मी लोकांना हे सांगणार आहे. ती तिथे असावी."

आर्या आतल्या दाराशी उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मीही येतो."

मिस्सा झाली. फादरना मी आधी फोन करून ठेवला होता, त्यांनी लोकांना आवारात थांबायला सांगितलं. मी पायरीवर उभी राहिले. समोर सगळे ओळखीचे, अर्धे माझ्या हातून पट्टी खाल्लेले. पण कुजबुज चाललेली. तेवढ्यात एक म्हातारी कोळीण गर्दीतून पुढे आली, माझं मनगट धरलं आणि चांगला चिमटा काढला. मी ओरडले. ती मागे वळून म्हणाली, "खरी हाय." तुला सांगते, त्या एका चिमट्याने जे झालं ते माझ्या भाषणाने झालं नसतं.

मग मी आपल्या घरच्या बोलीत बोलले. शाळेच्या मराठीत माफी मागितली असती तर ती पाठ केल्यासारखी वाटली असती. फोटो कोणाचा हे न विचारता मी पाठवला. ती बातमी लोकांनी फोटोमुळे खरी मानली नाही, माझ्या नावामुळे मानली. स्टॅनीचं नुकसान माझ्यामुळे झालं. आणि एक मुलगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, तिला आपण गप्प बसवलं. "ॲनिशा, तुझी माफी मागते," असं मी म्हटलं तेव्हा ती आईच्या मागे गेली. स्टॅनी खाली बघत होता. मग त्याने तिचा हात धरून तिला पुढे घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मीपण ऐकलं नाही तिचं." बस, एवढंच. त्याच्यासाठी ते खूप होतं.

जेवायला आम्ही सगळे त्याच्या अंगणात बसलो. परेश माझ्या शेजारी, आणि फुगा अख्खा तोंडात घालायची त्याची सवय अजून तशीच आहे. आर्या एका टोकाला वडिलांजवळ, ताटात बोटं फिरवत. ॲनिशा वाढत होती. तिच्यासमोर आली, बोंबील वाढला आणि तिथेच उभी राहिली.

"तू मला फोन पण नाही केलास," ॲनिशा म्हणाली.

"मला वाटलं तू बोलणार नाहीस."

"नसतेच बोलले. पण तू करायचा होतास."

आर्याने मान हलवली. ॲनिशाने तिला अजून एक बोंबील वाढला, आणि बाजूला सरक म्हणून खूण करून तिच्या शेजारी बसली.

जेवण झाल्यावर दोघी स्टॅनीचा फोन घेऊन बसल्या. घरच्या जेवणाची जाहिरात करत होत्या. यंत्राने बोंबलाच्या जागी भलताच मासा काढला, ॲनिशाने कपाळाला हात लावला आणि पुन्हा सांगायला लावलं. मजकूर तिच्या आईच्या तोंडचा, आर्याने तो फक्त नीट लावला. खाली मोठ्या अक्षरांत, फोटोवरच : 'चित्र यंत्राचं, जेवण आईचं. मगर नाही.' परेशने ते दोनदा वाचलं आणि तिथल्या तिथे आर्याच्या वडिलांना म्हणाला, "मुलगी आमच्याकडेच राहील." तुझा तास जानेवारीत सुरू होतो आहे. मुलांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीवर कोणी केली आणि कशाने केली ते लिहायचं, एवढी अट त्याने घातली आहे. ती मला पटली. काल रविवारी स्टॅनीकडे दोन पंगती उठल्या. पूर्वीइतक्या नाहीत, पण उठल्या.

आता तू विचारशील, परत निघणार होतात त्याचं काय झालं.

आर्याचे वडील जेवणानंतर पुढे गेले होते, तिला मायकल वाटेत सोडणार होता, आणि मला वाटलं, दारावरून जातोच आहोत तर नुसतं बघावं. किल्ली पिशवीत होती. मी उघडेपर्यंत आर्या अंगणातली फुलं वेचत बसली. मग आम्ही दोघी ओट्यावर टेकलो. माझा फोन हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, तुम्हाला करून बघायचंय? काय बनवू?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "केळीच्या बागेत उभे असलेले आमचे मिस्टर."

तिने मला विचारून विचारून यंत्राला सांगितलं, उंच, सत्तरीचे, डोक्यावर टोपी, हातात कोयता. क्षणात चित्र आलं. बाग छान होती. माणूसही छान होता, दात दाखवून हसत होता.

"असे नव्हते हसत ते," मी म्हटलं.

"मग कसे?"

विनिता, दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे सांभाळून घेतात, विषय काढत नाहीत. तूही नाही, मायकलही नाही. मी सांगायला लागले. ते डोळ्यांनी हसायचे आणि तोंड गंभीर ठेवायचे. केळीचा घड उतरवताना त्याच्याशी बोलायचे. मला चिडवायचं असलं की माझ्या शाळेच्या मराठीत बोलायचे. मी बोलतच राहिले. मायकल गाडीतून उतरून कठड्याला टेकून ऐकत होता, त्यालाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. त्या मुलीने सुरुवातीला एकेक गोष्ट यंत्राला सांगून बघितली. मग कधीतरी तिने फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि हनुवटीखाली हात घेऊन नुसती बसली.

अंधार पडल्यावर मायकलने विचारलं, "आई, निघायचं ना?"

मी त्याला आर्याला घरी सोडून पुढे पुण्याला जायला सांगितलं. काल ज्ञानदाला फोन केला. माझ्या उरलेल्या साड्या ती पाठवते आहे.

तुझी,
क्लेमेंटीन बाई